बंबातलं पाणी आणि उणे पस्तीस

आंबी म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं हमखास विचारतात, "म्हणजे लोणावळ्याच्या पुढची अँबी व्हॅली का? विमानाची धावपट्टी आहे ती?" ती नव्हे. माझं आंबी तळेगाव दाभाड्याजवळचं, वराळ्याहून इंद्रायणीचा पूल ओलांडला की लागणारं. आता तिथे एमआयडीसी आहे, कॉलेजं आहेत, रात्रभर दिवे जळतात. माझ्या लहानपणी नदीकाठाने भात होतं, भात निघालं की गहू, हरभरा, कांदा होता, आणि त्यांना पाणी पाजायला आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ऑइल इंजिन होतं. पुढे मी सत्तावीस वर्षं छोट्या विमानांच्या इंजिनांवर काम केलं. त्यातली अकरा वर्षं कॅनडाच्या उत्तरेला, यलोनाइफला काढली. पण गारठलेलं इंजिन कसं उठवायचं, हे मी पहिल्यांदा शिकलो ते आंबीच्या काठावर, आबांच्या हाताखाली.

ते इंजिन किर्लोस्करचं, पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रातल्या विहिरींवर, नदीकाठांवर या इंजिनांचा ठक-ठक आवाज पाखरांच्या आवाजाइतका ओळखीचा झाला. आमच्या गावात वीज होती, शिवारात नव्हती. शिवारात आली तेव्हाही कधी रात्रीची, कधी दिवसाची, कधी नाहीच. म्हणून मोटर बसल्यावरही आबांनी इंजिन विकलं नाही.

मावळची थंडी ती काय, असं वाटेल. पुण्यात आजवरचं सर्वांत कमी तापमान १७ जानेवारी १९३५ ला नोंदलं गेलं, १.७ अंश. म्हणजे गोठण्याच्याही वरच. पण डिझेल इंजिनाला तेवढंही पुरतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. सिलिंडर गार असला की हवेची ती ऊब सिलिंडरचं लोखंडच खाऊन टाकतं, आणि फवारा नुसता पांढरा धूर होऊन बाहेर पडतो. नदीवर धुकं, हँडल बर्फासारखं, आणि दहा वेळा हँडल मारूनही इंजिन नुसतं फुसफुसतंय, हे दृश्य त्या वेळी काठाने सगळीकडे दिसायचं.

त्यावर बहुतेक जण बोळा दाखवत. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून पेटवायची आणि हवा आत जाते त्या तोंडाशी धरायची. गरम हवा आत गेली की इंजिन दोन फेऱ्यांत उठायचं. आबांना ते मुळीच खपत नसे. ते आईच्या बंबातलं पाणी नेत. आई पहाटे चारला बंब पेटवायची. अंघोळीच्या आधी दोन कळशा पाणी इंजिनासाठी जायचं, आणि त्यावरून घरात कधी कुरबूर झालेली मला आठवत नाही. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत नरसाळ्याने ते ओतायचं, पाच-सात मिनिटं थांबायचं, खालचा नळ सोडून गार झालेलं पाणी काढायचं, पुन्हा गरम ओतायचं. दुसऱ्या कळशीनंतर आबा डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडून देणारा, खटका वर करून फ्लायव्हीलला हाताने एक ढकल देत. गार इंजिनात फ्लायव्हील जागीच थबकतं. आत ऊब पोचली की ते अर्धा फेरा पुढे जाऊन सावकाश थांबतं. तो अर्धा फेरा दिसल्याशिवाय ते हँडलला हात लावत नसत.

"पत्रा गरम झाला म्हंजी इंजिन गरम झालं आसं न्हाई," ते म्हणायचे. "त्याची हाडं गरम व्हाया पायजेत."

आणि हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून वेढायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा वेढलेल्या हाताचं मनगट मोडतं. आमच्याकडे दोन-तीन घरांत तशी वाकडी मनगटं होती. पुढे विमानाचा पंखा हाताने फिरवायला शिकलो तेव्हा शिक्षकाने पहिल्याच दिवशी बोटं पात्याच्या कडेवर दुमडू नका, तळवा सपाट ठेवा, असं बजावलं. मला वेगळं सांगावं लागलं नाही.

आयटीआय झालं, मग विमान-देखभालीचा कोर्स, मग लायसन्सच्या परीक्षा. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने खेचून वर सोडलेलं ग्लायडर शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, ती ओढ तिथून लागली. देशात बारा वर्षं शिकाऊ वैमानिकांच्या सेसना विमानांवर काम केलं. आपल्याकडे या इंजिनांचा शत्रू उन्हाळा: तापलेलं तेल, तापलेली सिलिंडर हेड, इंधनात वाफेचे बुडबुडे. हिवाळ्यात सकाळी चावी फिरवली की इंजिन सुरू. थंडीवरची प्रकरणं मॅन्युअलात असायची, आम्ही ती उलटून पुढे जायचो. १९९७ च्या नोव्हेंबरात यलोनाइफला उतरलो तेव्हा ती पानं पहिल्यांदा नीट वाचली.

यलोनाइफ हे ग्रेट स्लेव्ह या प्रचंड सरोवराच्या उत्तर काठावरचं, सोन्याच्या खाणींवर वाढलेलं गाव. जानेवारीचं सरासरी तापमान उणे पंचविशीच्या आसपास. उणे चाळीसही बहुतेक हिवाळ्यांत येतं, आणि त्या आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट एक होतात, त्यामुळे तिथे कुणी "कुठले अंश?" असं विचारत नाही. गावात आमच्याकडे वीज होती. इंजिनाला चिकटवलेल्या विजेच्या गाद्या होत्या, रात्री प्लग लावला की सकाळी इंजिन तयार. पण धंदा गावात नव्हता. धंदा होता दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या गोठलेल्या तळ्यांवर, खनिजं शोधणाऱ्यांच्या तंबूंत, मासेमारांच्या झोपड्यांत. तिथे स्कीवर विमान उतरवायचं, मुक्काम करायचा, सकाळी निघायचं. आणि तिथे विजेचा खांब नाही.

थंडीत इंजिनाला नेमकं काय होतं ते आधी सांगतो, कारण नुसतं "तेल घट्ट होतं" एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. तेल घट्ट होतंच. लोणावळ्याला चिक्कीचा पाक परातीत ओतल्यावर दोन मिनिटांत जसा ताठरतो, उन्हाळ्याचं तेल उणे तीसला तसं होतं. पंपाला ते ओढताच येत नाही. पेट्रोल वाफ व्हायला तयार नसतं, आणि वाफ नाही तर ठिणगी कशाला पेटवणार. बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो. पण खरा घात दिसत नाही. या इंजिनांचा क्रँककेस ॲल्युमिनियमचा असतो आणि आतला क्रँकशाफ्ट पोलादाचा. ॲल्युमिनियम थंडीत पोलादाच्या सुमारे दुप्पट आकसतं. म्हणजे बाहेरची कवटी आतल्या हाडावर आवळत जाते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट मुळात केसाच्या जाडीएवढी. उणे पस्तीसला त्यातली बरीचशी संपते. तिथे तेलाचा थर बसायला जागा नाही, आणि घट्ट तेल तिथे पोचतही नाही. अशा वेळी ताकदीची बॅटरी लावून इंजिन सुरू केलं, तर ते सुरू होतं. आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात धातूवर धातू घासतो.

म्हणूनच कारखाने आकडा घालून देतात. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांना उणे १२ अंशांखाली आणि कॉन्टिनेन्टलच्या इंजिनांना उणे ७ अंशांत दोन तास राहिली तरी आधी ऊब द्यावी, असं त्यांचं सांगणं आहे. आमच्या स्कीवरच्या सेसना १८५ ला कॉन्टिनेन्टलचं सहा सिलिंडरचं, तीनशे हॉर्सपॉवरचं इंजिन होतं.

पहिला मुक्काम मला अजून तासातासाने आठवतो. आमचा मुख्य मेकॅनिक बरोबर होता, साठी उलटलेला, कमी बोलणारा. दुपारी तीनला तळ्यावर उतरलो तेव्हाच सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. वैमानिकाने इंजिन बंद केलं आणि मी तंबूकडे निघालो. त्याने मला खांद्याला धरून थांबवलं. "उद्या सकाळचं काम आत्ता सुरू होतं," तो म्हणाला.

इंजिन गरम आहे तोवर त्याने खालचा झडपनळ उघडला आणि सगळं तेल, सुमारे अकरा लिटर, एका स्वच्छ डब्यात काढून घेतलं. वाफाळणारं काळं तेल त्या पांढऱ्या बर्फावर डब्यात पडताना पाहिलं आणि मला खालचा नळ सोडून पाणी काढणारे आबा दिसले. मग बॅटरी काढली. पंखाच्या मुळापासून नाकापर्यंत रजईसारखं जाड आवरण चढवलं, हवेची दोन्ही तोंडं उशा घालून बुजवली. स्कीखाली ओंडके सरकवले, नाहीतर घर्षणाने वितळलेला बर्फ रात्रीत पुन्हा गोठतो आणि विमान तळ्याला चिकटून बसतं. पंखांवरही आवरणं घातली, कारण पंखावर दवाचा खरखरीत पापुद्रा बसला तर उचल घटते. या सगळ्यात तास गेला. तंबूत तेलाचा डबा शेगडीजवळ, बॅटरी खाटेखाली.

पहाटे पाचला बाहेर उणे पस्तीस होतं. हातमोजा काढून पाना धरला तर कातडी पान्याला चिकटते. नाकावरचं आवरण जमिनीपर्यंत सोडून त्याचा तंबू केला आणि आत, इंजिनाच्या बरोबर खाली, पेट्रोलवर चालणारी फायरपॉट ठेवली. म्हणजे उघड्या ज्योतीची मोठी बत्तीच. इंजिनाखाली आग, वर कापड, आणि त्याच्या आत इंधनाच्या नळ्या. त्याने अग्निशामक माझ्या हातात दिला आणि मला त्या कापडाच्या तंबूत बसवलं. नियम सांगितला: आगीजवळ बसलेल्याने उठायचं नाही, चहा घ्यायचा नाही, कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत, आणि डोकं जड झालं तर आधी स्वतः बाहेर पडायचं. ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही. उत्तरेकडे अशी कित्येक विमानं तळ्यावर उभ्या उभ्या जळाली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी आगीजवळचा माणूस "दोनच मिनिटं" म्हणून उठलेला होता, असं त्याचं म्हणणं.

पाऊण तासाने सिलिंडरांना हात लावला तर छान गरम. मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, बस. आणखी अर्ध्या तासाने तो आला, मोजा काढला आणि पंख्याच्या मधोमध, जिथे पाती क्रँकशाफ्टला जोडलेली असतात त्या हबवर तळवा टेकवून उभा राहिला. हब ज्योतीपासून लांब, आवरणाच्या बाहेर, वाऱ्यावर. तिथे ऊब येते ती एकाच वाटेने: क्रँककेसमधून क्रँकशाफ्टमध्ये, क्रँकशाफ्टमधून पुढे. हब कोमट लागला तर आतलं पोलाद कोमट झालं. त्याने मान हलवली, म्हणजे नाही. अजून वीस मिनिटं. मग त्याने माझा हात धरून हबवर ठेवला.

हाडं गरम झाली होती.

तंबूतला डबा आणून तेल ओतलं, बॅटरी जोडली, पंखा हाताने हळू फिरवून पाहिला. तो जड पण सरळ फिरला. इंजिन दुसऱ्या फेरीला उठलं. तेलाच्या दाबाच्या काट्याकडे आम्ही तिघेही श्वास रोखून पाहत होतो. कडाक्याच्या थंडीत साठ सेकंदांच्या आत काटा हलला नाही तर इंजिन तत्काळ बंद करायचं असतं. तो पंधराव्या सेकंदाला हलला.

त्या आठवड्यात घरी फोन केला. आबा शेजाऱ्यांच्या फोनवर आले होते. उणे पस्तीस म्हणजे काय ते त्यांना सांगून पटेना. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग तिथं बंब कुठं पेटवतूस?"

दुसऱ्या हिवाळ्यात मी चूक केली. एका मुक्कामावर तिथल्या स्वयंपाक्याला रात्रीपासून पोटात कळा येत होत्या, उजव्या बाजूला, ताप वाढत होता. वैमानिकाला लवकर निघायचं होतं आणि मलाही. मुख्य मेकॅनिक त्या वेळी गावात होता. मी पस्तीस मिनिटं ऊब दिली. सिलिंडर गरम होते, सिलिंडरच्या तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यात आला होता. हबला हात लावला नाही. लावला असता तर कळलं असतं, आणि कळलं असतं म्हणूनच लावला नाही, हे मला आज लिहिताना स्पष्ट दिसतं.

इंजिनाने तीन ठोके दिले आणि मेलं. मग काही केल्या ठिणगी नाही. प्लग काढले तेव्हा कारण दिसलं: ठिणगीच्या दोन टोकांच्या मध्ये पांढरं, पिसासारखं दव. एक किलो पेट्रोल जळताना साधारण सव्वा ते दीड किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गरम इंजिनात ते धुराड्यातून निघून जातं. तीन ठोके देऊन मेलेल्या इंजिनात ते प्लगच्या गार टोकांवर गोठतं, आणि मग ठिणगीला उडी मारायला जागाच राहत नाही. बाराही प्लग काढून तंबूत नेले, स्वयंपाक्याच्याच तव्यावर मंद आचेवर सुकवले. तोवर इंजिनाला पुन्हा पहिल्यापासून ऊब. घाईने वाचवलेला पाऊण तास अडीच तासांना पडला. स्वयंपाकी खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडला होता आणि दर थोड्या वेळाने विचारत होता, "झालं का?" त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन वेळेत झालं. पण तो प्रश्न मला पुढे कितीतरी पहाटे ऐकू आला.

मुख्य मेकॅनिक रागावला नाही. त्याने खणातून एक बेअरिंगचं अर्धं कवच काढून माझ्या हातावर ठेवलं. अर्ध्या बांगडीसारखं, दोन बोटांएवढं रुंद. नव्या बेअरिंगवर आतून मऊ राखाडी मुलामा असतो, आरशासारखा सारखा. यावर मधोमध एक पट्टा खरवडला होता आणि आतून तांब्याचा रंग वर आला होता. नखाने चाचपलं तर बारीक बारीक सऱ्या लागत होत्या. हे इंजिन, त्याने सांगितलं, एका सकाळी उणे तीसला ऊब न देता सुरू केलं गेलं होतं. सुरू झालं, उडालं, परत आलं. त्या दिवशी कुणाला काही कळलं नाही. दीडशे-दोनशे तासांनी तेलाच्या फिल्टरमध्ये चमचम दिसायला लागली. "तुझं सुरू झालं नाही, हे बरं झालं," तो म्हणाला. "झालं असतं तर हे तू केलंस हे तुलाही कळलं नसतं. आणि पुढे ते कुणाला, कुठे भोवलं असतं, तेही नाही."

मला या कामाबद्दल जे म्हणायचं आहे ते त्या तांब्याच्या पट्ट्यात आहे. इंजिन सुरू होणं ही ऊब पुरेशी झाल्याची खूण नव्हे. सुरू तर ते बोळा दाखवूनही होतं. नुकसान त्या दिवशी दिसत नाही, आणि जो ते करतो तो ते भोगत नाही. दोनशे तासांनंतर, जंगलावरून जाताना, मागच्या सीटवर कुणाची तरी बायको-मुलं बसलेली असताना ते वर येतं.

मग वीज नसताना काय करावं? मी सगळे उपाय वापरले आहेत. फायरपॉट सर्वांत जुनी आणि सर्वांत धोक्याची. हाताशी दुसरं काहीच नसेल तरच. प्रोपेनच्या सिलिंडरवरचा, बारा व्होल्टच्या पंख्याने गरम हवा नळीतून ढकलणारा हीटर चांगला, ज्योत इंजिनापासून दूर राहते. पण त्याची नळी एकाच जागी रोखून ठेवली तर तिथली रबरी नळी, वायरचं वेष्टण करपतं आणि चार बोटांवरचा भाग गारच राहतो. नळी खालून तेलटाकीवर, मग क्रँककेसवर, अशी फिरवत राहावी लागते. छोटा पेट्रोल जनरेटर आणि विजेच्या गाद्या हे मला सर्वांत पसंत. मात्र जनरेटरसुद्धा इंजिनच आहे, तोही गारठतो. म्हणून तो रात्री त्याचं इंधन काढून आत ठेवायचा आणि चालवायचा मात्र कायम बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. नुसतं तेल तापवून भागत नाही. तेलटाकी गरम आणि वरचा भाग गार राहिला तर तेलातला ओलावा वर जाऊन गार पोलादावर दहिवरासारखा बसतो आणि गंज धरतो. जुन्या गोल इंजिनांत बंद करण्याआधी तेलात थोडं पेट्रोल सोडून ते पातळ करायची सोय असे, महायुद्धाच्या काळात ती फार वापरली गेली. आमच्या इंजिनात ती नव्हती. आणि उपाय कुठलाही असो, वरून जाड आवरण नसेल तर तुम्ही अख्खा कॅनडा तापवत बसता.

एक गोष्ट ऊब देऊन होत नाही, डोळ्यांनी पाहावी लागते. क्रँककेसमधला वाफारा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी. तिच्या तोंडाशी बर्फाची गुडदी बसली की आत दाब वाढतो आणि पुढचं सील फुटून सगळं तेल हवेत जातं. उड्डाणाआधी त्या नळीत बोट घालून पाहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

यलोनाइफला जुने लोक वॉप मे या वैमानिकाची आठवण काढत. १९२९ च्या २ जानेवारीला तो आणि त्याचा जोडीदार व्हिक हॉर्नर एडमंटनहून फोर्ट व्हर्मिलियनला घटसर्पाचं औषध घेऊन निघाले होते, उघड्या कॉकपिटच्या एव्ह्रो एव्हियन विमानातून. औषध गोठू नये म्हणून त्यांनी ते ब्लँकेटात गुंडाळून कोळशाच्या शेगडीपाशी ठेवलं होतं. विमानात जळते निखारे. दुसऱ्या दिवशी औषध पोचलं. मला ही गोष्ट ऐकताना नेहमी वाटायचं की माणसाने उत्तरेत विमान नेलं ते पंखांच्या जोरावर जितकं, तितकंच शेगडीच्या.

२००८ ला मी परत आलो. आबा त्याआधीच गेले होते. इंजिन मात्र गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं, वर पोतं टाकलेलं. पुतण्याने आता सगळं मोटरवर केलं आहे, पाऊस संपला की इंद्रायणी वाणाचं भात झोडून होतं आणि कांद्याला पाणी बटणावर मिळतं. पण फिडर बंद पडतो तेव्हा तो मला हाक मारतो. गेल्या पौषात तीन दिवस वीज नव्हती. पहाटे नदीवर धुकं होतं. वहिनींच्या बंबातल्या दोन कळशा नेल्या, पाणी ओतलं, काढलं, पुन्हा ओतलं. पुतण्या हँडल घेऊन उभाच होता. "काका, झालं की आता," तो म्हणाला. मी खटका वर करून फ्लायव्हीलला ढकल दिली. ते जागीच थबकलं. आम्ही आणखी एक कळशी आणली.

हे सगळं लिहायला बसलो ते एका कारणाने. आता आपल्याकडची पुष्कळ मुलं-मुली वैमानिक व्हायला, उड्डाणाचे तास भरायला कॅनडा-अमेरिकेत जातात. तिथे तास पैशाने मोजले जातात, आणि सकाळच्या पाळीचं विमान रांगेत उभं असतं. त्यातलं कुणी हे वाचत असेल तर माझी एवढीच विनवणी आहे. काटा हिरव्यात आला, सिलिंडर गरम लागला, मागचा विद्यार्थी घड्याळ पाहतोय, तरी मॅग्नेटोची चावी बंद आहे, काढून खिशात ठेवली आहे, याची खात्री करा, मोजा काढा, पंख्याच्या मधोमध तळवा टेकवा. कोमट लागलं नाही, तर आणखी वीस मिनिटं थांबा.